नदीपर्यंतचा दहा फुटी पट्टा

मी, बयाबाई रखमाजी करगळ, वय एकाहत्तर, राहणार न्हावरे, तालुका शिरूर, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्या दाबाखाली न येता हे मृत्युपत्र करते. सांगणारी मी, लिहिणाऱ्या वकीलबाई. माझं बोलणं त्यांनी सरळ करायचं नाही, असं आधीच ठरलं आहे.

१. राहतं घर आणि गोठ्यातल्या गाई मुलगा हनुमंत आणि सून रुपाली या दोघांना मिळून. गाईंचं सगळं रुपालीच करते, हनुमंत नुसता डेअरीवर गप्पा मारतो.

२. बँकेतली ठेव आणि पुतळ्यांची माळ मुलगी प्रगतीला. लोकर कातरायची कातरही तिलाच. तिला तिचा काही उपयोग नाही, पण तिनं मागितली आहे.

३. घोड नदीकाठचं रान मालकांनी हयातीतच माझ्या नावावर केलं होतं. ते हनुमंताला. शेजारचा पोपट दरसाल बांध कोरतो. मोजणी आणून त्याची जिरवावी, ही माझी शेवटची इच्छा समजावी.

४. याच रानातून, बांधाच्या कडेनं नदीपर्यंतचा दहा फुटी पट्टा आणि काठावरची मोटरीची जागा माझे धाकटे दीर म्हाळू करगळ यांना. का, ते सांगते.

आमच्याकडं काठाचं रान उभ्या पट्ट्यांनी वाटतात, म्हणजे प्रत्येकाचा तुकडा पाण्याला टेकतो. आमची वाटणी आडवी झाली. भावजींकडं मेंढरं होती. ओलीत मेंढरांचे खूर कुजतात, म्हणून त्यांनी स्वतःच वरची कोरडी जमीन मागितली आणि दलदलीचा काठ आमच्या गळ्यात पडला. इथवर कुणी कुणाला फसवलं नाही. पुढं खाली बंधारा झाला, नदीत उन्हाळ्यापर्यंत पाणी राहायला लागलं आणि आमचा ऊस कारखान्याला जाऊ लागला. भावजींनी मेंढरं विकून पाइप आणले. पण नदीला जायचं तर माझ्या रानातून.

मी एका सालाची परवानगी दिली, आणि दरसाल पुन्हा विचारायचं असं ठरवलं. दसऱ्याला ते सोनं द्यायला येतात आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून विचारतात. मी लगेच हो म्हणत नसे. मला ते आवडायचं. त्याची आज लाज वाटते. पुढच्या साली पाण्याचा भरवसा नाही, म्हणून त्यांनी ना ऊस लावला, ना डाळिंब. त्यांचा मुलगा सुमित कंटाळून कंपनीत गेला.

तहसीलदाराकडं अर्ज केला असता तर पाइपलाइनचा हक्क मिळाला असता. सोसायटीत कुणीतरी तसं सुचवलंही. भावजी म्हणाले, "वैनीवर अर्ज करायचा व्हय?" आणि विषय संपवला. हे मला रुपालीनं सांगितलं. त्या दिवशी मला भाकरी गेली नाही. तरी पुढच्या दसऱ्याला मी त्यांना उभंच ठेवलं.

आज साक्षीला मी त्यांनाच आणलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मिळायचं आहे त्याची साक्ष नको, त्यांना बाहेर बसवा. मी बसवलं.  भावजींनी टोपी उचलली आणि गेले. मग मी विचारलं, हे लागू कधी होणार? बाई म्हणाल्या, तुमच्या पश्चात. माझी आई नव्वदी ओलांडून गेली. म्हणजे तोवर हा माणूस माझ्या दारात उभा, आणि मी मात्र कागदावर मोकळी.

म्हणून कलम चार रद्द. पट्ट्याचा दस्त आजच खालच्या रजिस्टर कचेरीत भावजींच्या नावे नोंदवून दिला. साक्षीसाठी भावजींनी आधार कार्ड आणलं होतंच. हनुमंताला संध्याकाळी सांगेन. तो चिडेल, चिडू दे.

सही करून भावजींनी पेन वकीलबाईंना परत दिलं. मग म्हणाले, "सुमितला फोन करतो, वैनी. पर आता त्यो यायचा न्हाई."

 वकीलबाईंनी विचारलं, हे मृत्युपत्रात ठेवायचं का? मी म्हटलं, ठेवा. पोरांनी वाचावं.

ठिकाण : शिरूर
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२४

मृत्युपत्र करणार : बयाबाई रखमाजी करगळ (सही)

आमच्या समक्ष सही केली :
१. सारजाबाई धोंडिबा बिडगर (अंगठा)
२. साई गोरख कोळपे (सही)