गोंदणावरचं घड्याळ

प्रिय आवडे,

फोनच केला असता, पण तुझी सून स्पीकर लावते आणि मग मी तुझ्याशी बोलतेय की अख्ख्या तळे गावाशी, तेच कळत नाही. म्हणून ही चिठ्ठी. बाई गं, डोक्याचा नुसता भुगा झालाय. स्टेंट टाकल्यापासून डॉक्टरीणबाई सांगतात, रोज चाला, पण ठोके एकशे दहाच्या वर जाऊ देऊ नका. आता चालता चालता ठोके मोजायचे कसे? पोराने, प्रीतमने, ठोके दाखवणारं घड्याळ आणलं. खाडीच्या बांधावर जेमतेम पोचले, तर त्यात एकशे सत्तर! मी तिथेच चिखलात बसकण मारली. म्हटलं, संपलं सगळं. आमचे हे टेम्पो घेऊन धावत आले, तोवर आकडा पन्नासच्या खाली. उजव्या हाताला बांधलं तर नुसत्या रेघा. "दोघांतला एक हात तरी खोटा हाय," हे म्हणाले. हसावं की रडावं, मला कळेना.

अलिबागला नेलं. ईसीजीची पट्टी काढली, तर हृदय ठीक. डॉक्टरीणबाईंनी माझा हात बघितला आणि हसायलाच लागल्या. घड्याळ म्हणे खालून उजेड टाकून रक्त बघतं आणि आपल्या गोंदणाची शाई तो उजेड अडवते. शिवाय बांगड्या ढकलून ते ढिलं होतं, ते वेगळंच. आवडे, तीच तुळस गं, चौलच्या जत्रेत तुझ्या आईने आपल्या दोघींच्या हातांवर गोंदवून घेतली ती! तू हूं की चूं केलं नाहीस आणि मी रडून जत्रा डोक्यावर घेतली. माणूस गेल्यावर बाकी सगळं इथेच काढून ठेवतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं सांगून तिने मला गप्प केलं होतं. त्या दिवशी बांधावर मला तेच आठवलं. खूप घाबरले मी.

आता घरात दोन पक्ष. प्रीतम म्हणतो दंडावर बांधायचं घे, पण ते ब्लाउजच्या बाहीत मावत नाही. सूनबाई कल्पिता म्हणते छातीचा पट्टा. तो पाण्याने ओला करून आतून बांधायचा आणि आकडा बघायला फोन सोबत ठेवायचा. माझे हात पाठीमागे पोचत नाहीत, रोज सुनेपुढे उघडी उभी राहू? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पट्टाच घ्या, तो उजेडावर चालत नाही. वर हेही म्हणाल्या की गोळीने ठोके दबतात, म्हणून आकड्यावरच विसंबू नका. मग पैसे कशाला घालवायचे, मला काही उमजेना. तेव्हा त्यांनी एकच सांगितलं, "चालताना बोलता आलं पाहिजे. बोलताना दम लागला की थांबायचं."

हे बरंय! बोलायचं कोणाशी? हे चार पावलं पुढे. प्रीतम कामावर. परवा एकटीच बडबडत गेले, तर कोळंबीच्या तळ्यावरची माणसं टकामका बघायला लागली. गप्प झाले आणि परत फिरले.

वैशाखात आरोहीचं लग्न आहे. पोरगी हळदीला धवल्याची गाणी सांगणाऱ्या बायका बाहेरून आणू म्हणते, आजीला त्रास नको म्हणून. माझ्या नातीच्या हळदीला दुसरी कोणी धवला म्हणणार आणि मी खुर्चीत बसून बघणार? मला नाही सोसायचं ते. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आधी महिनाभर नीट चालून दाखवा, मग बघू. पण धवला एकटीने होतो का गं? मी ओळ टाकायची, तू झेलायचीस. तू तळे गावाला राहायला गेल्यापासून मी गायला तोंडच उघडलं नाही.

पट्टा घेतलाय शेवटी. तो मागून बांधायला ये. महिनाभर राहा, वाटलं तर भांड. बांधावर माझ्यासोबत चाल आणि मला बोलतं ठेव. मी मध्येच गप्प झाले, तर आकडा बघत बसू नकोस. हात धर आणि थांबव मला.

तुझ्याच जोडीची तुळस हातावर असलेली,
तुझीच सत्यवती