वहिनी, खार जाणार नव्हती

प्रिय वहिनी,

तुला जाऊन चौथा महिना लागला. इतके दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होते, तेवढं पुरत होतं. पण परवा पेणला आम्हा अंगणवाडी सेविकांचं शिबिर झालं आणि तिथं जे कळलं ते तुला सांगितल्याशिवाय मला घास गिळवत नाही. तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते.

मुंबईहून एक वकीलबाई आल्या होत्या. बाई चांगल्या होत्या, हसतमुख. बायकांचे हक्क समजावून सांगत होत्या. म्हणाल्या, पूर्वी विधवेला पुन्हा लग्न करता येत नव्हतं, सुधारकांनी झगडून इंग्रजांकडून कायदा करून घेतला, त्याची फळं आज आपण सगळ्याजणी खातोय. बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझं डोकंच फिरलं! मी उठले आणि आपल्या गावच्याच बोलीत म्हणाले, "बाई, आमच्यात पाट आधीपासून हाय. नवरा गेला तर बाई दुसरा करते. पंच बसतात, पाट लागतो. त्याला सायबाची परवानगी कशाला?"

आणि मग तुझी आठवण आली. विचारलं, "पन पाट लावला तर जमीन जाते, ते कोनी आनलं?"

वकीलबाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी लपवाछपवी केली नाही. म्हणाल्या, "त्याच कायद्यानं. लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या जमिनीवरचा हक्क सुटेल, अशी त्यात मेख होती. कायदा वरच्या घरांतल्या विधवांकडे बघून केला होता. पण कोर्टानं ती मेख तुमच्यासारख्यांनाही लावली, ज्यांच्यात पाट होता त्यांनाही."

"आनि आता?"

"आता कुठला? स्वातंत्र्यानंतर कायदा बदलला. नवऱ्याची जमीन एकदा बायकोकडे आली की तिनं पुढं लग्न केलं तरी जात नाही. तो जुना कायदाही आता रद्द झालाय."

मी खाली बसले. पुढं त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

वहिनी, तू नकार दिलास तेव्हाही तो कायदा नव्हता गं! दादा गेला तेव्हाही नव्हता. तुमच्या लग्नाला पुरती दोन वर्षं झाली नव्हती, पोरबाळ नाही, आणि खार तुझ्या नि आईच्या नावावर चढली. धरमतरच्या खाडीला पाठ देऊन बांधाआड पसरलेला तो भाताचा तुकडा. तेवढ्याच्या भीतीनं तू त्या रोह्याच्या माणसाला परत पाठवलंस.

किती शहाणा माणूस होता! पेणच्या पोह्याच्या गिरणीत कामाला, बायको बाळंतपणात गेलेली. तू भात घेऊन गेलीस की तुझं पोतं स्वतः उतरवून घ्यायचा. तू घरी येऊन उगाच त्याला नावं ठेवायचीस, दात पुढं आहेत म्हणायचीस. तेव्हाच मी ओळखलं. पाटाची म्हणून त्यानं हिरवी साडी पाठवली ती तू एक दिवस ठेवून घेतलीस. एकच दिवस. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "नेऊन दे गो."

वडखळला बस बदलून मी रोह्याला गेले. तिथून पुढं जाणाऱ्या नव्या रेल्वेची कामं चालू होती, सगळीकडे लाल धूळ. तो दारातच बसला होता. साडी त्यानं मांडीवर घेतली. मग म्हणाला, "कारन तरी सांगा."

मी सांगितलं, पाट लावला तर वहिनीचे चुलत दीर कोर्टात जातील, तिचा हिस्सा ओढून घेतील, माझी आई उघडी पडेल.

"मना खार नको. तुमच्या आईलाबी घेऊन येऊ दे. दोन वेळचं हाय माज्याकडं."

हे मी तुला आल्या आल्या सांगितलं होतं. तू चुलीतली लाकडं मागं ओढलीस आणि म्हणालीस, "आत्याबाई बांध सोडून येतील होय?" बस्स. पुन्हा त्याचं नाव काढलं नाहीस. का नाही भांडलीस, वहिनी? एवढी तोंडाळ तू, बाजारात मेथीच्या जुडीवरून भांडणारी! एकदा तरी पेणला जाऊन कुणाला विचारायचं होतंस.

पण कुणाला विचारणार होतीस? आईनं तुला तिच्या बहिणीची गोष्ट सांगितली होती. ठमामावशीची, इंग्रजांच्या वेळची. मावशीनं पाट लावला, दिरांनी अलिबागला खटला टाकला, आणि साहेबाच्या कोर्टानं तिची खार काढून दिरांना दिली. तिच्या वेळेपर्यंत आमच्या गावचे पंच बाईचा घाम बघून निवाडा करायचे, ज्या बाईनं बांध राखला तिला जमीन ठेवायचे. कोर्टाला घाम दिसत नव्हता. मावशी पुढं दुसऱ्यांच्या मिठागरात मीठ ओढत मेली. आईनं ते लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. ती खोटं बोलली नाही. साहेब गेला, त्याचा कायदा गेला, आणि त्याची भीती आमच्या घरात राहिली, एवढंच.

आमचे पंच फार मोठे होते असं मी म्हणत नाही हं. पाट लागायचा तो अंधारात, गावाबाहेर. सवाष्णींनी त्या बाईचं तोंड बघायचं नाही. आपल्याच माणसांनी तिला चोरासारखं वागवलं. पण लागायचा तरी! ते मोडकंतोडकं जे होतं ते कायद्याच्या नावाखाली काढून घेतलं, आणि आज आम्ही त्यासाठी टाळ्या वाजवायच्या?

आणि ज्या खारीसाठी तू बसलीस, तिचं काय झालं? गेल्या उधाणाला बांधाला खांड पडली. तू कमरेइतक्या चिखलात उभी राहून पेंढा आणि माती लोटत होतीस, मी ओरडत होते, "वयनी, वर ये!" खाडी आत आलीच. रोपं जळून पिवळी पडली. त्यानंतर तू ताप अंगावर काढलास, दवाखान्याचं नाव घेतलं की चिडायचीस. बांध परत घालायचा होता ना तुला. आज तिथं भरतीला मासे फिरतात.

तुझ्या दहाव्याला तो रोह्याचा माणूस आला होता. गावात शिरला नाही, वडखळच्या नाक्यावर मला भेटला. केस सगळे पांढरे. "कशानं गेली?" विचारलं. तापानं, म्हटलं. त्यानं मान हलवली आणि रोह्याच्या बसमध्ये चढला.

शिबिरावरून मी घरी न जाता थेट गावी गेले, आईकडे. सगळं सांगितलं. रागानंच सांगितलं. एक क्षण असंही वाटलं की म्हातारपणी एकटं पडायच्या भीतीनं तिनं तुला मुद्दाम अडकवलं असेल. पण तिचं तोंड बघितलं आणि माझा राग कुठल्या कुठं गेला. ती उठली, परत बसली. मग म्हणाली, "मंग मी तिला फुकट बसवली व्हय गो?"

वहिनी, तूच सांग.

दोन दिवस तिनं पेजेशिवाय काही घेतलं नाही. काल तुझ्या पितळी ताटाकडे बघत म्हणाली, "चंद्रीला कोन सांगनार?"

चंद्री आठवते ना? खालच्या आळीतली. तिचा नवरा बार्जवरून पडून गेला, त्याची खार आता तिच्या नावावर आहे. तिला एक मागणी आली आहे, आणि ती सल्ला विचारायला आईकडेच आली होती. आईनं तिलाही ठमामावशीची गोष्ट सांगून परत पाठवलं होतं.

उद्या आम्ही दोघी तिच्या दारात जातोय. वहिनी, तुला शब्द देते. चंद्रीचा पाट लागेल तो भर दिवसा, आपल्या अंगणात. मी सवाष्ण आहे आणि मी तिच्यासमोर उभी राहून तिच्या हातात चुडा भरीन, ज्याला तोंड फिरवायचं त्यानं फिरवावं. आणि कुणी विचारलं की आता हिच्या खारीचं काय, तर आई उत्तर देईल. जे तुला द्यायचं राहिलं, ते.

तुझी नणंद,
सुमन