दालिसायच्या दाढेची टोपी

मंगळवार, १६ एप्रिल

एका दाढेच्या दोन बाजूंना दोन रबरी कड्या सरकवल्या. खरा खर्च — माझं बोट (चावलं!), माझी मदतनीस नेनिता, तिच्या डब्यातलं केळं आणि माझ्या आवाजात तीन गाणी. गाण्यांचा भुर्दंड शेजारच्या न्हाव्यालाही पडला. भिंतीपलीकडून ओरडला, "डॉक, दात बघताय की डुक्कर कापताय?"

पेशंट दालिसाय, वय सहा. ईस्टरच्या पहाटे देवदूत होऊन कमानीवरून खाली उतरायचं, गायचं, मरियामातेच्या मूर्तीच्या तोंडावरचा काळा पडदा उचलायचा. गावातली प्रत्येक पोर यासाठी झुरते. हिला मिळालं, आणि ही तोंडच उघडेना! वरची दुधाची दाढ किडून तपकिरी झालीय. दुखत नाही, पण खालून बघणाऱ्या अख्ख्या गावाला तीच दिसणार. वर्गात "किडूबाई" म्हणतात. तालमीत तोंडावर हात धरून गाते. तालीम घेणाऱ्या बाईंनी सांगून टाकलंय — शनिवारपर्यंत हात खाली आला नाही, तर दुसरी मुलगी.

तिची आजी, लोला पुरिंग, म्हणाली, "उपटून टाका की. दुधाचीच तर आहे."

"अजून चार-पाच वर्षं काम आहे तिला, लोला. स्टीलची टोपी घालू. सुई नाही, घरघर नाही. कड्यांनी फट पडली की टोपी बसवायची. पोरगी स्वतःच चावून घट्ट करते."

"आणि निघाली तर?"

"मी बसवलेली टोपी दाढेबरोबरच पडते!"

मासळीबाजारात ओरडून मासे विकले, त्या पैशावर शिकलो. गिऱ्हाइकाशी हळू बोलणं काही जमत नाही.

गुरुवार, १८ एप्रिल

फट छान पडतेय. उद्या या म्हटलं, तर लोलाने छातीवर क्रूस काढला. "गुड फ्रायडेला? त्या दिवशीची जखम भरत नाही!" अहो, जखमच नाही! ऐकते कुठली. शनिवारी सकाळी.

शुक्रवार, १९ एप्रिल

मांस नाही, आंघोळ नाही, मोठ्याने बोलणं नाही. नेनिता म्हणते, "तुमचा खरा उपास हा तिसरा."

शनिवार, २० एप्रिल

कड्या गायब! लोलानेच काल काढल्या. "उपासाच्या दिवशी पोर तोंडात काहीबाही घोळवत होती, डॉक. पाप लागलं असतं!"

पाप! फट मिटत आलेली. नव्या कड्या घालून थांबायचं तर संध्याकाळची तालीम जाते. लोला पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "काल रात्री पंख उशाशी घेऊन झोपली, डॉक."

टोपीत सिमेंट भरलं, दाढेवर ठेवली, दाबली. "चाव! माझं बोट आहे समज!" काय चावली! बसली. थोडी बाहेरच राहिली, पण बसली. नेनिताने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

आरसा दिला तर पोरीचं तोंड मिटेचना. "डॉक, मी श्रीमंत दिसते!"

लोलाला बजावलं — आज बिको बंद. तो गूळ-नारळातला चिकट भात सिमेंटचा वैरी. "सणाचा बिको? बरं, बरं," म्हणाली.

संध्याकाळी तालमीच्या बाई सांगायला दारात. हात खाली ठेवून गायली! उद्या तीच!

रविवार, २१ एप्रिल

गायली! पहाटेच्या अंधारात कमानीखाली सगळे माना वर करून. तोंड एवढं उघडं की पडजीभ दिसावी. पडदा मात्र एकाच हाताने उचलला, दुसरी मूठ आवळलेली. बाई खालून कुजबुजतायत, "दोन्ही हात, अगं, दोन्ही हात!" घाबरली असेल बिचारी. पडदा उचलला गेला, घंटा वाजल्या, लोला ढसाढसा रडली.

मी न्हाव्याला कोपर मारलं. "दिसली का चमक? आपलं काम!"

"दिसली की! मेणबत्त्यांत लखलखली!"

मग त्याच्या बायकोला विचारलं, मग फादरना. सगळ्यांना दिसली. मलाही अगदी स्पष्ट दिसली.

सोमवार, २२ एप्रिल

लोला ताटभर बिको घेऊन आली. मागून दालिसाय, तोंडभर हसत. दाढ उघडी. तपकिरी.

टोपी शनिवारी रात्रीच बिकोत निघाली होती. गाताना ती मुठीत होती.