नैवेद्याआधी चव नाही

शुक्रवार, २३ जानेवारी. दुपारी ३
उद्यापासून सोमवारपर्यंत सलग सुट्टी. स्वप्नील, मेघना आणि जुई खारघरहून इथे परळला येणार. स्वप्नील फोनवर म्हणाला, आई, फार काही करत बसू नकोस. म्हणजे भरपूर कर. आईला समजतं.

मेघनाची आई मे महिन्यासाठी जुईला नाशिकला मागतेय. गेल्या वर्षीही तिनेच नेली. यंदा मी सोडणार नाही. तीन दिवस माझ्या हातचं जेवली की पोरगी आपणहून म्हणेल, आजी, मे महिना मी इथेच.

ठरवलंय, बाहेरचा एक घास घरात येणार नाही आणि घरातला एक घास फुकट जाणार नाही. नैवेद्य दाखवल्याशिवाय चव घ्यायची नाही, हे तर लग्नापासूनचं आहे. चाळीस वर्षांचा हात. चव लागते कशाला?

ह्यांनी मासळीचं विचारलं. कॅलेंडर दाखवलं. शनिवार मारुतीचा, रविवारी रथसप्तमी, सोमवार शंकराचा. हे बराच वेळ कॅलेंडरसमोर उभे होते. वयाबरोबर श्रद्धा वाढतेच.

शनिवार, २४ जानेवारी. संध्याकाळी ७
मंडळी आली. वरणभात, दुधीची भाजी, काकडीची कोशिंबीर, चपात्या. केल्या चोवीस, खाल्ल्या नऊ.

वरणात मीठ नाही असं हे म्हणाले. मारुतीसमोर घाईत राहिलं असेल. जुई म्हणाली, आजी, हे हॉस्पिटलमधल्यासारखं लागतंय. पोरीला डॉक्टर व्हायचंय बहुतेक.

उरलेल्या पंधरांचा आत्ता कुस्करा केला. मेघना म्हणाली, आई, आम्हाला खरंच नको, दुपारचंच अजून अंगावर आहे. सुनेने केलेलं कौतुक मी सहसा लिहीत नाही.

कुस्करा झाकून ठेवला आहे.

रविवार, २५ जानेवारी. दुपारी ३
गॅलरीत सूर्याला दूध उतू घातलं. खाली ताट ठेवलं होतं. उतू गेलेलं खिरीत घेतलं. सूर्यदेव वरून बघतो, त्याला काय पोचलं ते कळतं.

वालाची उसळ, कांदा-लसूण न घालता. कालचं लक्षात ठेवून मीठ आठवणीने घातलं. मी गॅलरीत सूर्यापाशी होते तेव्हा ह्यांनीही आठवणीने घातलं. चव घ्यायची नाही म्हटल्यावर कळणार कसं? नैवेद्यानंतर कळलं. देवाने काही तक्रार केली नव्हती.

चौघांनी मिळून कळशीभर पाणी संपवलं. पाणी जातं म्हणजे जेवण अंगी लागतंय. कुस्करा पुन्हा गरम केला होता, त्याला कोणी हात लावला नाही. माझ्यासाठी ठेवला असेल.

संध्याकाळी ७
सगळे पाय मोकळे करायला मैदानात गेले होते. हे सुद्धा, ज्यांचा गुडघा सकाळी जिना उतरत नव्हता. दीड तासाने आले, हसत.

जुईने मागून येऊन माझे डोळे झाकले. बोटांना मासळीचा वास. शिवडीकडून वारा सुटला की येतो कधीकधी. मग म्हणाली, आजी, दातात काहीतरी अडकलंय. काढून दिलं. वालाचं साल असणार. इतकं टोकदार साल मी पहिल्यांदाच बघितलं.

सोमवार, २६ जानेवारी. दुपारी २
सगळे अकरा वाजता झेंडावंदनाला म्हणून गेले. झेंडा नऊला लागतो. उशिरा का होईना, जातात हे महत्त्वाचं.

साजूक तुपातला शिरा केला, नैवेद्य दाखवला. वाटीभर घेऊन शेवंतीकडे निघाले. शेवंती म्हणजे आमच्यापासून तिसरी खोली, तीस वर्षांपासूनची शेजारीण. एकटीच असते, वार पाळत नाही.

दार लोटलेलं. बाहेर चपला. चाळीत सगळ्यांच्या चपला सारख्याच दिसतात. पण तुटलेल्या अंगठ्याला ह्यांच्यासारखी तार बांधणारा दुसरा कोणी नाही. बाजूला जुईच्या फुलपाखरांच्या सँडल.

आतून शेवंतीचा आवाज. खा गो बाय, पोटभर खा. मग ह्यांचा. वैनीनू, आणखी एक तुकडी घाला. हिचे वार संपेपर्यंत माझो जीव जातलो. स्वप्नील म्हणाला, बाबा हळू, आईला ऐकू जाईल. आणि सगळे हसले. मेघनाही.

आत गेले नाही. हातात नैवेद्याचा शिरा, मासळीच्या घरात कसा न्यायचा? एवढंच कारण.

संध्याकाळी ६
मंडळी खारघरला गेली. निघताना जुईने गळ्यात हात टाकले आणि आपणहून म्हणाली, आजी, मे महिन्यात मी नाशिकला नाही जाणार, इथेच येणार. पूर्ण महिना!

मी जिंकले. नाशिककर बसल्या हात चोळत.

मग म्हणाली, झोपायला तुझ्याकडे, जेवायला शेवंतीआजीकडे. चालेल ना?

चालेल म्हटलं.

मंगळवार, २७ जानेवारी. दुपारी १
कुस्करा टाकला.

मघाशी शेवंती आली, हातात झाकलेली वाटी. म्हणाली, काल दारात तुपाचो वास इलो, म्हटलं वैनी येवन गेली. तुझे वार होते म्हणान तुझी तुकडी बाजूक ठेवलंय. आज मंगळवार, तुका चालता. रागावलंस?

रागवायचं काय त्यात, म्हटलं.

ती गेल्यावर जेवले. सुरमईचं कालवण. मीठ बरोबर आहे.

वाटी घासून ठेवली. शेजारची वाटी रिकामी परत देत नाहीत. काय घालावं याचा तासभर विचार केला. दुधीची भाजी उरली आहे, वालही उरले आहेत.

वाटीत साखर घातली. साखरेला मीठ लागत नाही.