अनामिकेचं पिवळं नख

तुळजापूर, चैत्रातला शुक्रवार, दिवेलागण

सासूबाईंना कळू नये म्हणूनच तर दादाला हैदराबादहून अंगाच्या रंगाचं, जेमतेम दिसणारं नेलपॉलिश आणायला सांगितलं होतं. चकाकी यावी म्हणून त्यावर दुसऱ्याच कंपनीचं बिनरंगी लावलं, तर ते दुधावरच्या सायीसारखं सुरकुतलं. तरी कुणाला दिसलं नसतं. पण आज चैत्रगौरीचं हळदीकुंकू! बायकांना हळद लावता लावता ती त्या सुरकुत्यांत जाऊन बसली. अनामिकेचं नख पिवळंधमक. किती घासलं, जाईना.

बायका गेल्या आणि सासूबाईंनी हात धरला. पुजाऱ्याचं घर! आता माहेरी धाडतात, असंच वाटलं. त्या नख निरखत म्हणाल्या, "खालचं वाळू दिलं न्हाईस व्हय? आन दोन्ही बाटल्या एकाच कंपनीच्या घ्याव्यात, एवढंबी कळंना?"

ह्यांना कसं ठाऊक? तर त्यांनी लुगड्याखालून पाऊल पुढं केलं. "वाकून बघ."

पाचही नखं तुकतुकीत, गुलाबीसर. एक सुरकुती नाही.

तीन वर्षं मी रोज सकाळी ह्याच पायांवर डोकं ठेवतेय!