अण्णांच्या मोटारीचा कॅमशाफ्ट

१० मार्च, लातूर
देवणीहून निरोप. अण्णांच्या मोटारीत टकटक. सासरेबुवा स्वतःला ताप आला तर कळवत नाहीत, मोटारीचं मात्र लगेच. लातूर जिल्हा झाल्यापासून एकच घोकणं, आपल्या मोटारीनं येऊन नवं कलेक्टर ऑफिस बघायचं. एसटीचं नाव काढायचं नाही. सौ.ला ऑफिसशी काही देणंघेणं नाही. तिला बाप एक रात्र घरी राहायला हवाय. लग्नापासून एकदाही राहिले नाहीत. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही हा त्यांचा नेम. दिवस मावळायच्या आत परत.

१३ मार्च
देवणीला जाऊन आलो. इंजिनाचं झाकण काढलं. व्हॉल्व्ह दाबणारा एक रॉकर नुसती मान हलवतो, व्हॉल्व्ह उघडतच नाही. खाली कॅमशाफ्टचा, त्याला उचलणाऱ्या दांड्याचा, उंचवटा झिजून सपाट. शाफ्ट बदलायचा, उंचवट्यांवर टेकणारे टॅपेटही सगळे नवे. जुने टॅपेट नव्या शाफ्टला खातात. सौ.ला हे सांगितलं. म्हणाली, सासूसारखे. नशीब, आई देवळात गेली होती.

१७ मार्च, नांदेड
दुकानात दोन शाफ्ट. मूळ कंपनीचा एकही नाही. पहिल्याचे उंचवटे जास्त वर. दुकानदार म्हणे गाडी उडेल. चालवणारा सत्तरीचा, आणखी कुठं उडवता? शिवाय जुन्या स्प्रिंगा ती उचल सोसणार नाहीत. दुसरा साधा, जुन्याच मापाचा. एकेक उंचवटा मोजला. तोच घेतला, टॅपेटसकट. नवे रॉकर चकचकीत, पण कानस फिरवली तर लोण्यासारखी चालली, लोखंड कच्चं. नको. आपले जुनेच बरे, घासलेला एक तेवढा दुसरीकडून. कानस फिरवली म्हणून दुकानदार चिडला. चिडू दे.

२२ मार्च, देवणी
निम्मी सकाळ वाया. अण्णा मला मोटारीखाली जाऊ देईनात. "जावई मातीत लोळल्यावर लोकं काय म्हनतील?" म्हटलं, धंदाच आहे माझा. शेवटी तोड निघाली. मोटारीखाली सतरंजी, वर लोड. सासूबाईंनी चाकाजवळ पोह्यांची ताटली ठेवली. ग्रीसच्या हातानं खाल्ले. या माणसांवर माझा फार जीव आहे.

२५ मार्च, देवणी
शाफ्ट बसला. अण्णांना दोनदा बजावलं. पहिल्यांदा चालू केली की लगेच अर्धा तास जोरात फिरवायची. हळू चालली तर शाफ्टला पुरेसं तेल मिळत नाही, नवा उंचवटा तिथंच घासतो. जोरात म्हणजे तापणार, रेडिएटर पाण्यानं काठोकाठ हवा. विहिरी आटलेल्या, टँकर उद्या. तोवर हात लावू नका म्हणून रबरी पाइप आणायला उदगीरला गेलो.

परत आलो तर मोटारीला हार, पुढं नारळ, आरती चाललेली. आणि इंजिन हळूहळू चालू.

"मुहूर्त आजचाच व्हता जावईबापू. नवं काम हाय, हळूच चालवायलोय. पानी बी वाचलं."

एक नाही, तीन आरत्या झाल्या म्हणे. रागवणार होतो, पण त्यांचा चेहरा बघून आधी इंजिन बंद केलं. सासूबाईंनी प्यायच्या पाण्याची घागर आणून रेडिएटरमध्ये ओतली. मग जोरात फिरवली. आवाज ठीक. उघडून बघायचा धीर झाला नाही.

२ एप्रिल, लातूर
अण्णा आले! गल्लीच्या तोंडापासून हॉर्न. कलेक्टर ऑफिस बाहेरूनच बघितलं, म्हणे रंग बरा हाय. सौ. सकाळपासून रडते नि हसते.

पण बारीक टकटक आहेच. झाकण काढून मोजलं. एका रॉकरची उचल केसभर कमी, म्हणजे नवा उंचवटा घासलाच. देवणीपर्यंत जाईल. वर्षभरही चालेल. किंवा वाटेत उदगीरजवळच बंद पडेल. देवाशप्पथ, मला सांगता येत नाही.

ऊन उतरलं तशी अण्णांनी टोपी चढवली. "बोला जावई, निघू का? तुमी म्हनाल तसं."

इतक्या वर्षांत माझ्या शब्दावर काही सोडलं ते आजच. खरं म्हणजे काय सांगायचं? हात धुवायचं निमित्त करून आत आलो, हे खरडतोय. एरवी बोलून बोलून जीव खाणारी सौ. आज चुलीपुढं पाठमोरी बसलीय. माझ्याकडं बघतही नाही. नुसती भाकरी थापतेय, आणि आईसकट घरात आम्ही तिघंच असताना पीठ चौघांचं मळलंय.