पाचवा रकाना

मुख्य कार्यालय,
३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, मोठ्या मामाचे अनेक आशीर्वाद.

मी, तुझ्या आईचा थोरला भाऊ, वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय वर्षे चोपन्न, आणि गेम बनवणाऱ्या ज्या कंपनीच्या शाखेत तू चार वर्षे नोकरी करतेस तिच्या मुख्य कार्यालयातील आस्थापना अधिकारी, हे पत्र एकाच हेतूने लिहीत आहे. गेल्या आठवड्यात पाठवलेला तक्ता तू अद्याप भरून दिलेला नाहीस. प्रकृतीची चौकशी फोनवर आणि कामाचे ते कागदावर, हा आपला नियम तुला ठाऊक आहेच.

आपला दीपस्तंभाचा गेम मे महिन्यात बाजारात येत आहे. खेळ संपल्यावर तो घडवणाऱ्यांची नावे पडद्यावर सरकतात, ती श्रेयनामावली तयार करण्याचे काम संचालकांनी माझ्याकडे सोपवले आहे. त्यांनी चार रकाने सांगितले होते: नाव, हुद्दा, काम, कालावधी. पाचवा मी घातला: ‘अनुपस्थितीत हे काम कोण करू शकेल?’ कोणी रजेवर असले की शंका कोणाला विचारावी ते कळत नाही आणि यादी अडकून पडते. संचालकांना ही कल्पना फार आवडली. भर बैठकीत त्यांनी माझी पाठ थोपटली. या वयात त्याचा आनंद व्हावा हे बरे नव्हे, पण झाला.

तक्ता खरा भर. विनयाने काम कमी सांगू नकोस आणि फुशारकीने वाढवू नकोस. तुझी आई म्हणते की पोरगी चार वर्षे नुसते पाणीच काढते आहे. पडद्यावरचे पाणी हलते करणे हे कौशल्याचे काम आहे, असे मी तिला दोनदा समजावले. दोन्ही वेळा ती हसली.

तक्त्याच्या विलंबाने माझा लोभ कमी होणार नाही, तरी तो सोमवारपर्यंत यावा.

तुझा,
मोठा मामा


शाखा कार्यालय,
९ फेब्रुवारी

ती. मोठ्या मामांस, भिंगरीचा सा. न. वि. वि.

तक्ता सोबत जोडला आहे. उशीर माझ्यामुळे नाही, समुद्रामुळे झाला. आधी संचालकांना तो शांत हवा होता, मग खवळलेला. मागच्या आठवड्यात कुठल्याशा परिषदेहून आले आणि म्हणाले की समुद्र आता जुना झाला, वाळवंट करा. चार दिवस आम्ही सगळे वाळू करत बसलो. काल निरोप आला की समुद्रच राहू द्या, पण दीपस्तंभ काढता येईल का ते बघा. दीपस्तंभाच्या गेममधून दीपस्तंभ काढायचा, आणि बैठकीत सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मीही.

तुमच्या पाचव्या रकान्यात मी दोन नावं लिहिली आहेत. एक माझ्या शेजारचा चष्मेवाला, दुसरी नवी आलेली मुलगी. लाट कशी फुटते, ओल्या दगडावरून पाणी कसं ओघळतं, फेस कधी विरतो, सगळं दोघांना शिकवलं आहे. आमच्या आवाजवाल्या काकांनी मात्र ‘कोणीही नाही’ असं ठोकून दिलं आहे. ते कपाटाची किल्लीसुद्धा कोणाला देत नाहीत, काम काय शिकवणार.

तुमच्या कार्यालयात तुम्हाला फूटपट्टी म्हणतात, ही बातमी इथवर पोचली आहे. मी काही ती खोडून काढली नाही.

आईला सांगा, गेम आला की तिला समोर बसवून माझं नाव सरकताना दाखवणार आहे. आपली मुलगी खरंच कामाला जाते याचा लेखी पुरावा तिला अजून मिळालेला नाही. मला तो तिच्या हातात द्यायचा आहे.

रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची,
भिंगरी


मुख्य कार्यालय,
६ मार्च

चि. भिंगरीस, आशीर्वाद. आज ते लिहिताना हात आखडतो.

काल सकाळी तुमच्या शाखेत काय घडले ते तू भोगलेस. ते का घडले ते मी सांगतो.

बैठकीच्या निमंत्रणावर विषय होता ‘आनंदाची बातमी’. दोन्ही कार्यालयांतील सत्तावीस जणांना एकदम कमी केल्याचे तीत सांगण्यात आले. प्रवेशाची कार्डे पत्रे वाटण्याआधीच बंद केली होती. आमच्याकडचा एक चित्रकार हात धुवायला गेला होता, त्याला आत येता येईना. ओल्या हातांनी तो काच ठोठावत उभा राहिला, आणि आतल्या बारा माणसांना एकाएकी आपापल्या पडद्यावर फार महत्त्वाचे काहीतरी दिसू लागले. शेवटी माझ्या कार्डाने मी दार उघडले. त्या वेळी संचालक पाहुण्यांच्या खोलीसाठी सोफ्याच्या कापडाचे नमुने पाहत होते.

नावे कशी ठरली, असे मी त्यांना विचारले. त्यांनी हसून माझेच आभार मानले. माझ्या पाचव्या रकान्याने काम सोपे केले म्हणे. ज्यांनी दुसऱ्याचे नाव लिहिले ते गेले. ज्यांनी ‘कोणीही नाही’ लिहिले ते राहिले. ज्यांनी शिकवले त्यांना काढायचे आणि ज्यांनी दडवले त्यांना सांभाळायचे, ही यांची व्यवस्था. मला किळस आली. तीस वर्षांच्या पत्रव्यवहारात हा शब्द मी कधी वापरलेला नाही. त्या किळसेतला मोठा वाटा माझा मलाच येतो, कारण तक्ता खरा भर असे तुला मीच बजावले होते.

एवढ्यावर भागलेले नाही. जे आता नोकरीत नाहीत त्यांची नावे श्रेयनामावलीतून वगळून, यादीवर माझी सही करून द्यावी, असा आदेश आहे. तू घरचीच, म्हणून तुझे नाव ठेवायला हरकत नाही, अशी मेहेरबानीही त्यांनी केली आहे. उत्तरासाठी मी मुदत मागून घेतली आहे. तुझी इच्छा कळव.

अपराधी,
मोठा मामा


घर,
११ मार्च

ती. मोठ्या मामांस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोन दिवस फोडलं नाही. तुमचा राग आला होता, आणि वाचल्यावर तो वाढला. तुम्हाला एक रकाना कमी ठेवून जगता येत नाही का?

काल चष्मेवाल्याचा फोन आला. त्याला ठेवलं आहे, आणि माझं सगळं काम त्याच्यावर टाकलं आहे. रडकुंडीला येऊन विचारत होता की खडकावरचा फेस लवकर विरतो आहे, काय करू. तासभर समजावून सांगितलं. आई शेजारी उभी होती. म्हणाली, ज्यांनी हाकललं त्यांचं काम फुकट करतेस, तुला अक्कल आहे का? नसेल. पण तो माझा समुद्र आहे.

माझं एकटीचं नाव ठेवू नका. त्या सव्वीस जणांना मी तोंड कसं दाखवू? आणि राजीनामा फेकून मोकळेही होऊ नका. चूक तुमच्या नीटनेटकेपणाने केली, आता त्याच्याकडूनच काहीतरी करून घ्या.

राग आहे म्हणून पत्र लिहिते आहे. नसता तर फोन केला असता.

तुमची,
भिंगरी


घर,
२ एप्रिल

चि. भिंगरीस, मोठ्या मामाचे आशीर्वाद.

सत्तावीस नावांसह पूर्ण यादी मी सही करून दिली. संचालकांनी वाद घातला नाही. शेजारच्या टेबलावरच्या तरुणाला बोलावून त्यांनी दहा मिनिटांत ती नावे उडवली आणि यादीवर त्याची सही घेतली. मला मार्चअखेरपर्यंत काम पाहून घरी बसण्यास सांगितले. तुझे नाव पडद्यावर येणार नाही. ते मला जमले नाही.

परंतु अनुभवाची प्रमाणपत्रे देण्याचा अधिकार शेवटच्या दिवसापर्यंत माझ्याकडे होता. कंपनीच्या नमुन्यात फक्त हुद्दा आणि कालावधी असतो. अधिक लिहू नये असा नियम मात्र कोठेही नाही, मी तीनदा तपासले. सत्तावीस प्रमाणपत्रे लिहिली. प्रत्येकासाठी त्याच्या टीमला विचारून मजकूर वेगळा केला, कंपनीची मोहर उमटवली, जावक क्रमांक घातले आणि प्रत्येकाची एक प्रत संचालकांना रीतसर पोच घेऊन दिली. त्यांनी न वाचताच सही केली.

तुझे सोबत आहे. आधी आईला वाचून दाखव.

प्रमाणपत्र

मी, खाली सही करणारा, या कंपनीचा आस्थापना अधिकारी, प्रमाणित करतो की दीपस्तंभाच्या गेममधील संपूर्ण समुद्र, दोन नद्या, रस्त्यावरची डबकी आणि एका बादलीतील पाणी पत्रधारक कर्मचारी हिने चार वर्षांत निर्माण केले. समुद्र अनेकदा बदलावा लागला. त्यात दोष समुद्राचा नव्हता.

पत्रधारकाने आपले काम दोन सहकाऱ्यांना काहीही हातचे न राखता शिकवले. तिला कमी करण्याचे याखेरीज दुसरे कारण दप्तरी आढळत नाही. त्यासाठी वापरलेला तक्ता प्रस्तुत अधिकाऱ्याने तयार केला होता, याची येथे नोंद करण्यात येत आहे.

(सही)
आस्थापना अधिकारी
स्थळ: मुख्य कार्यालय
दिनांक: ३१ मार्च